चार पॉइंट छप्पनचा तिढा

गाडी उंच करण्याचा सोहळा गोडच असतो. लिफ्ट किट बसतं, 35 इंची टायर चढतात, आणि गाडी रस्त्यावरच्या बाकी जनतेकडे वरून बघू लागते. मग पहिला चढ येतो. पाचव्यात ठेवावी तर इंजिन कुंथतं, चौथ्यात टाकावी तर बोंबलतं. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचा निर्णयच होत नाही. तो वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो, टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) लॉक होत नाही आणि आतलं ऑइल तापत राहतं. मालक जाहीर करतो की इंजिनात दम राहिला नाही. इंजिन बिचारं काल होतं तेच आहे. नाकापेक्षा मोती जड झालाय.

यात लिफ्टचा दोष नाही. स्प्रिंगा उंच केल्याने गिअरिंग काडीभरही बदलत नाही, गुन्हेगार टायर. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे न विचारता सगळे गिअर एकदम उंच झाले. हे परत खाली आणायचं ठिकाण म्हणजे ॲक्सलमधला क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी: पिनियन छोटा, क्राऊन मोठा. चाकाच्या एका फेरीला पिनियनचे जितके फेरे, तो तिचा रेशो; आकडा मोठा तितका गिअर खालचा. आता कोणता घ्यायचा हे ठरवायचं, की माणसाची झोप उडालीच.

गणित तसं चौथीतलं आहे. जुना रेशो गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. समजा मूळ टायर 225/75 आर 16, म्हणजे 29.3 इंच, आणि रेशो 3.73. टायर 35 झाला तर उत्तर 4.46. आता हे 4.46 मागायला जा. मिळत नाही. पिनियनला पूर्ण दाते लागतात, साडेनऊ दात्यांचा पिनियन कोणी काढत नाही. क्राऊनला 41 दाते धरले तर पिनियनच्या 11 दात्यांना 3.73, 10 ला 4.10, 9 ला 4.56, 8 ला 5.13. मधलं 4.88 म्हणजे 39 ला 8. बहुतेक ॲक्सलना 4.10 नंतर थेट 4.56 वर उडी मारावी लागते.

त्यातही 35 म्हणजे 35 नव्हे. 315/70 आर 17 या टायरला सगळे बिनदिक्कत पस्तीस म्हणतात. मापं मांडा, 34.4 इंच निघतात. त्यावर गाडीचं वजन आलं की तो आणखी बसतो. म्हणून टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यावर श्रद्धा न ठेवता कंपनीच्या तक्त्यातला ‘एका मैलात किती फेऱ्या’ हा आकडा बघावा. टायरच्या कागदपत्रांत त्याच्याइतका प्रामाणिक आकडा दुसरा नाही.

इथपर्यंत आलं की सल्लागार मंडळी जमतात आणि त्यांचे दोन पंथ पडतात. पहिला पंथ म्हणतो 4.56 घ्या, हायवेला एव्हरेज राहील. दुसरा म्हणतो 4.88 घ्या, 4.56 घेतलेला प्रत्येकजण पस्तावतो. दोघांनाही कागद-पेन्सिल द्यावी. इंजिनचे फेरे काढायचे तर वेग किलोमीटरमध्ये, गुणिले ॲक्सल रेशो, गुणिले त्या गिअरचा रेशो, गुणिले 209, भागिले टायरचे इंच. टॉप गिअर 0.70 धरला तर मूळ गाडी 100 च्या वेगाला साधारण 1,860 फेरे घेत होती. 35 चे टायर आणि जुनाच 3.73 ठेवला की 1,560 वर येते, आणि रोग तो हाच. 4.56 टाकला तर 1,905, 4.88 ला 2,040, 5.13 ला 2,145. म्हणजे ज्या फरकावरून मैत्री तुटते, तो 4.56 आणि 4.88 मधला फरक जेमतेम 135 फेऱ्यांचा.

मला विचाराल तर शंका असेल तेव्हा मोठा आकडा घ्यावा. गणित फक्त टायरचा व्यास मोजतं. एका चाकामागे दहा-पंधरा किलो सहज वाढलेले असतात, उंच गाडीला वारा जास्त अडवतो, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), वर सामानाचा कॅरियर, मागे अवजड बंपर. हे त्या सूत्रात कुठेच नाही. हायवेला एव्हरेज राहील म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावं की पिकअप नसल्यामुळे ॲक्सिलरेटर तळाला टेकवून चालणाऱ्या गाडीला एव्हरेज नसतंच. अपवाद आहेत. खालच्या फेऱ्यांवरच भरपूर टॉर्क देणाऱ्या डिझेलला गणिताच्या जवळचा रेशो पुरतो. आठ गिअरच्या ऑटोमॅटिकला निवडायला गिअर भरपूर असल्याने ती पाच गिअरवालीइतकी रडत नाही. मोठ्या आकड्याला मोकळेपणाने हात घालायचा तो उंच फेऱ्यांवर ताकद देणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी.

पण 5.13 कडे झेप घेण्याआधी तो पिनियन हातात घेऊन बघावा. आकडा वाढतो तसे दाते कमी होतात आणि पिनियनचं डोकं बारीक होतं. डाना 44 या दणकट ॲक्सलला हे एकवेळ झेपतं. डाना 30 सारख्या छोट्या पुढच्या ॲक्सलमध्ये 5.13, भोवती 37 चे टायर आणि वर लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा), म्हणजे दगडावर अडकल्यावर दाते मोजायची वेळ येते, तीही तुकड्यांत. उगाच सगळा भार ॲक्सलवर टाकू नये. दगडांतला सावकाशपणा ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) आपल्या लो रेंजने, म्हणजे वेग आणखी उतरवणाऱ्या गिअरने, देतो. जीप रँग्लरच्या जुन्या, जेके पिढीतल्या मॅन्युअल रुबिकॉनचंच बघा: पहिला गिअर 4.46, लो रेंज 4, ॲक्सल 4.10, गुणाकार 73. तिथे 2.72 ची लो रेंज असती तर तोच गुणाकार 50 च्या आत आला असता.

आकडा ठरला? छान. आता तो दोनदा घ्या. फोर-व्हील गाडीला पुढे आणि मागे एकच रेशो लागतो. एका टक्क्याच्या आतला फरक, म्हणजे मागे 3.55 आणि पुढे 3.54, चालून जातो. ‘सध्या मागचा करू, पुढचा पुढच्या वर्षी’ ही योजना कागदावर फार समंजस दिसते, फक्त त्या वर्षात फोर-व्हीलचा लिव्हर ओढायचा नाही, कारण दोन ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि त्यात ट्रान्सफर केसचा बळी जातो.

ऑर्डर देण्याआधी सध्या आत काय आहे ते तपासावं. कव्हरच्या बोल्टला अडकवलेली, रेशो लिहिलेली पट्टी आधीच्या मालकाच्या काळात गळून गेलेली असते. साधा उपाय आहे. ओपन डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारं) असेल तर एकच मागचं चाक जॅकवर उचला, दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून अडणी लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पावणेचारला जरा कमी आले तर 3.73. पुढचा पिनियन वरच्या बाजूने घुसत असेल तर त्याला उलट कापाचे गिअर लागतात, सरळ कापाचे तिथे बसत नाहीत. शिवाय आतला कॅरियर, म्हणजे क्राऊन ज्यावर बसतो तो सांगाडा. पारंपरिक डाना 44 मध्ये 3.73 पर्यंत एक कॅरियर आणि 3.92 पासून पुढे दुसरा. तेव्हा 3.73 वरून 4.56 ला जाताना कॅरियर बदला किंवा जाड क्राऊन शोधा. याच क्षणी कानाशी कुजबूज सुरू होते की कॅरियर नाहीतरी बदलतोयच, मग लॉकरच का नको? खिशाचं वाटोळं होतं ते याच वाक्याने. तरी वाक्य खरं आहे. तीच मजुरी दुसऱ्यांदा देण्यापेक्षा तेव्हाच टाकावा.

आता बसवणं. बेअरिंग, सील, शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या), पिनियन नट, क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबून बेअरिंगवरचा दाब ठरवणारी नळी) हे सगळं नवं लागतं. आधी पिनियनची खोली, म्हणजे बेअरिंगमागच्या शिमची जाडी. 0.05 मिलिमीटरनेही चित्र बदलतं. मग क्राऊन आणि पिनियनमधला प्ले, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, डायल गेजने, साधारण 0.15 ते 0.25 मिलिमीटर. दात्यांना पिवळी पेस्ट लावून फिरवायचं आणि उमटलेला ठसा वाचायचा. ठसा दात्याच्या शेंड्याकडे गेला तर पिनियन आत सरकवा, मुळाकडे गेला तर बाहेर. दर वेळी बेअरिंग प्रेसवर काढा, शिम बदला, पुन्हा ठोका. म्हणून अनुभवी मिस्त्री जुन्या बेअरिंगचं आतलं भोक घासून सैल करून ठेवतात, ते हातानेच निघतं. क्रश स्लीव्हचा स्वभाव वेगळाच. ती दाबायला दोन माणसं आणि लांब पाइप लागतो. ती हूं का चूं करत नाही, करत नाही, आणि मग एकदम नको तेवढी दबते. दबली की संपली, नवीन आणा. नट सैल करून भागवू नये, प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा तो दाब, गेला की बेअरिंग जातं.

नवे गिअर बसले की गाडी चालवायची ती लाडाने. पहिल्यांदा पंचवीस-तीस किलोमीटर हलक्या पायाने, मग अर्धा तास पूर्ण थंड, असं काही वेळा. पहिल्या 800 किलोमीटरपर्यंत ट्रेलर ओढायचा नाही, आणि मग ऑइल बदलायचं. निघालेल्या ऑइलमध्ये राखाडी बारीक भुकटी असेल तर ठीक. चकाकणारे कण नखाला टोचू लागले तर कव्हर उघडा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर ‘रुळेल हळूहळू’ म्हणणाऱ्याला सांगा की चुकीचा ठसा रुळत नाही, झिजतो. आणि नवीच थरथर सुरू झाली तर गिअरला शिव्या देऊ नका. शाफ्ट आता त्याच वेगाला आधीपेक्षा जोरात फिरतोय, आणि लिफ्टने बिघडवलेला त्याचा कोन इतके दिवस कमी फेऱ्यांत लपून बसला होता.

स्पीडोमीटरचंही बघावं लागतं. 35 चे टायर टाकल्यावर काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी जवळपास 119 ने जात असते. सेन्सर ट्रान्सफर केसवर असेल तर योग्य क्राऊन-पिनियन टाकल्यावर काटा बराचसा शुद्धीवर येतो. वेग चाकांच्या सेन्सरवरून मोजला जात असेल तर ॲक्सलमध्ये काहीही करा, त्याला पत्ताच लागत नाही. टायरचा नवा व्यास संगणकात भरावा लागतो.

आणि ब्रेक. एवढं सगळं केल्यावर गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळू लागते, पण थांबत पहिल्यासारखी नाही. ब्रेक चाकावरच असतात, त्यांना गिअर रेशोचा काही उपयोग नाही. डिस्क तेवढीच, टायर मोठा आणि जड, त्यामुळे त्याच पेडलला थांबायचं अंतर वाढतं. आता ब्रेक किटचे तक्ते उघडा; तिथेही दोन पंथ आहेत.