पाकीटमार सापडला की सगळेच न्यायाधीश!

बेळगावात गणपत गल्लीच्या गर्दीत पोरगं पाकीट मारताना सापडलं की झालं! ज्याचं काही गेलं नाही तोही दोन ठेवून देतो. शर्ट फाटलेला, ओठातून रक्त, हात जोडून रडतंय, आणि लोक मोबाईल वर धरून व्हिडिओ काढतायत. अरे, तुम्हाला अधिकार दिला कुणी? 1 जुलै 2024 पासून कायदा सांगतोय: 5,000 रुपयांच्या आतली चोरी, दोषी पहिल्यांदाच ठरलेला, माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. भारतीय न्याय संहिता, कलम 303! पण जामीन राहायला कोणी नाही म्हणून पोरगं हिंडलग्याच्या जेलात सडणार. तिथून काय शिकून येणार ते? चोऱ्या थांबवायच्या तर अंधाऱ्या बोळात दिवे लावा म्हणून कधीपासून बोंबलतोय, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही!