मुदतवाढ म्हणजे नूतनीकरण नव्हे

माझं पोट परवान्यांवर चालतं. माझा स्वतःचा बार नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली लगेच 'कुठे बसायचं?' अशा कमेंट येतात. सिंधुदुर्गातल्या पंधरा-सोळा परमिट रूमवाल्यांचे परवाने दर मार्चअखेर रिन्यू करून देणं हे माझं काम. ग्रास चलन (सरकारी शुल्क ऑनलाइन भरल्याचं), नोकरनामे (दारू देणाऱ्या नोकरांचे परवाने), थकबाकी नसल्याचा दाखला, भाडेकरार. शेवटच्या आठवड्यात साइट मुंगीच्या पावलाने चालते आणि मालक दर तासाला फोन करून 'झालं काय?' विचारतात. एका वर्षी एका पक्षकाराच्या भाडेकरारावरची सही आणि अर्जावरची सही जुळेना. माणूस तोच, फक्त मधल्या काळात हाताला फ्रॅक्चर होऊन गेलं होतं. तेवढ्यासाठी फाइल परत आली. मी चिडलो, पण मनातून पटलंही होतं. फाइल परत येऊ शकते म्हणून तर नूतनीकरणाला अर्थ आहे.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. २०१९ साली तो पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर कामाला लागला, आधी वाढपी आणि मग टेबलावर. त्या काळात सहा-सहा महिन्यांनी एकच बातमी यायची: 'मांडवीतील कॅसिनोंना सहा महिन्यांची मुदतवाढ.' ती यायच्या आधी पंधरा दिवस ह्याचा फोन ठरलेला. ''मामा, आमच्या बोटीचा लायसन होतला मां?'' कागदपत्रांतलं मला कळतं, अशी त्याची समजूत.

मी त्याला सांगायचो, लायसन वेगळं आणि नदीत उभं राहायची परवानगी वेगळी. जुगाराचा परवाना कायद्याखाली मिळतो, त्याची वार्षिक फी भरायची. मांडवीत नांगर टाकून राहायची सवलत मात्र मंत्रिमंडळ सहा-सहा महिन्यांनी वाढवून देणार. कारण काय, तर बोटी हलवायच्या आहेत, पण पर्यायी जागा ठरेना. वर्षानुवर्षं ठरेना! तीच बातमी, तेच वाक्य, फक्त तारीख पुढची.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सहा महिन्यांचीच परवानगी म्हणजे सरकारने केवढा चाप लावलाय. माझा अनुभव उलटा आहे. छोटी मुदत कडक तेव्हाच, जेव्हा प्रत्येक वेळी कोणीतरी फाइल उघडून काहीतरी तपासतं आणि 'नाही' म्हणायची तयारी ठेवतं. तसं नसेल तर छोटी मुदत म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांची वारंवार घ्यावी लागणारी गाठभेट. ह्याहून जास्त मी लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या.

सिंगापूरचं उदाहरण मला ह्यासाठी आवडतं. तिथे दोनच कॅसिनो आणि परवान्याची मुदत साधारण तीन वर्षं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या नियामकाने रिसॉर्ट्स वर्ल्ड सेंटोसाचं नूतनीकरण तीनऐवजी दोनच वर्षांसाठी केलं. कारण जाहीर सांगितलं: पर्यटनस्थळ म्हणून तुमची कामगिरी समाधानकारक नाही. बस. एक वर्ष कापलं, आणि का कापलं ते सगळ्या जगाला कळलं. पुढच्या वेळी काय सुधारायचं ते मालकालाही कळलं. मांडवीच्या मुदतवाढीत असं 'का' मला कधी वाचायला मिळालं नाही.

आता पैशाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

चहाच्या टपरीचं किंवा पिठाच्या गिरणीचं परवाना शुल्क असतं, ते साधारणपणे त्या देखरेखीचा खर्च भागवण्यापुरतं. दारू आणि जुगाराचं तसं नाही. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला प्रकरणात सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यवसायस्वातंत्र्याचा मूलभूत हक्क त्याला लागू नाही. (वाद होता बंगळूरहून निघणाऱ्या एका वर्तमानपत्रातल्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा, आणि निकालात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताचाही दाखला आहे. निकाल वाचायचा कंटाळा असणाऱ्यांनीही तेवढं पान वाचावं.) दारूच्या बाबतीत १९७५ च्या हरशंकर निकालाने आणखी स्पष्ट केलं की हे शुल्क म्हणजे सरकारने आपला विशेषाधिकार सोडण्याची किंमत आहे. म्हणजे सरकार देखरेखीची फी घेत नाही, हक्क विकतं. आणि विकणाऱ्याला भाव वाढवायला कोण अडवणार?

गोव्यात तेच झालं. २०१८ साली बोटींवरच्या कॅसिनोंचं वार्षिक शुल्क दहा-बारा कोटींच्या घरातून एकदम २५ ते ४० कोटींवर गेलं. दोनशेपर्यंत माणसांची बोट असेल तर २५, चारशेच्या वर असेल तर ४०. तेव्हा मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर होते. विरोधी पक्षात असताना त्यांनीच कॅसिनोंविरुद्ध रान उठवलं होतं. त्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. पण त्या वेळी 'बरं झालं, कॅसिनोवाल्यांना दणका दिला' म्हणत माझ्या ओळखीचे लोक टाळ्या पिटत होते, आणि मी विचार करत होतो की पाच-सहा बोटींकडून दरसाल दीड-दोनशे कोटी येणार असतील, तर त्या बोटी नदीतून हलवायची फाइल सही करणारा हात थरथरणार नाही काय? दणका कोणी कोणाला दिला?

कोविडमध्ये हे उघडं पडलं. मार्च २०२० पासून ऑक्टोबरअखेरपर्यंत कॅसिनो बंद होते. भाचा घरी, आंब्याच्या बागेत. बंद काळाचं शुल्क द्यायचं की नाही, यावरून वाद थेट उच्च न्यायालयात गेला. मालक म्हणणार धंदाच नाही तर फी कसली, सरकार म्हणणार परवाना तर आहे. दोघांचं बोलणं ऐकताना मला घरमालक आणि भाडेकरूच आठवत होते. नियम करणारा आणि नियम पाळणारा, असं काही त्यात दिसेना.

बाकी कायद्याचा इतिहास तर विनोदीच आहे. १९७६ साली शेजारशेजारी दोन कायदे झाले. गोव्याचा कायदा जुगाराला बंदी घालणारा, महाराष्ट्राचा कॅसिनोला परवाना देणारा. पुढे गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला आणि १९९६ मध्ये बोटींवर टेबलाच्या खेळांना वाट करून दिली. महाराष्ट्राने आपला कायदा कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ साली रद्द करून टाकला. बंदीच्या कायद्यातून धंदा उभा राहिला आणि परवानगीचा कायदा कपाटात सत्तेचाळीस वर्षं धूळ खाऊन गेला.

कोणी म्हणेल, सरकार पैशावर पाणी सोडतच नाही असं कुठे आहे? खरंय. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ते खेळच बंद केले. त्या कर्जबाजारी पोरांच्या बातम्या वाचल्यावर मला ते योग्यच वाटलं. पण तिथेही परवाना, तपासणी, नूतनीकरण अशी घडी कधी नीट बसलीच नव्हती. आधी कर आणि मग कुलूप. मधली पायरी आपल्याला जमतच नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

ब्रिटनमध्ये ती पायरी आहे. तिथे धंद्याचा परवाना बेमुदत असतो, फी दरवर्षी उलाढालीप्रमाणे, आणि एप्रिल २०२५ पासून वर आणखी एक सक्तीची पट्टी लागली. त्या पैशातला निम्मा भाग जुगाराच्या व्यसनावरच्या उपचाराला. नूतनीकरण नावाचा सोहळाच नाही. चूक केली तर मधेच दंड किंवा परवाना निलंबित. आपल्याकडे ४० कोटींतला किती रुपया व्यसन सोडवायला जातो, हे कोणी विधानसभेत विचारावं, मला उत्तर वाचायचंय.

फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, हे खरं. म्हणजे आपला माणूस हरू नये, दुसऱ्यांचा हरला तर चालेल. आम्ही बांद्याच्या, म्हणजे गोव्याच्या हद्दीच्या, अलीकडचे, त्यामुळे आम्ही 'दुसरे'.

गेल्या डिसेंबरात भाच्याला भेटायला गेलो होतो. पाटोच्या बाजूने चालत आलो, रात्रीचे साडेआठ. नदीवर लाल-निळे दिवे नुसते सांडलेले. जेटीवर फीडर बोटीसाठी रांग, मनगटावर कागदी पट्टे बांधलेली नवी लग्नं झालेली जोडपी, आणि एक आजोबा हातात औषधांची पिशवी घेऊन. भाचा कामगारांच्या दारातून बाहेर आला, वेस्टकोटाची बटणं काढत. मी सहज विचारलं, हल्ली लायसनचं विचारत नाहीस रे?

''आता कोण विचारता मामा,'' म्हणाला. ''फी भरली काय झाला.''