छापलेलं हाड आणि उरलेलं सत्य

‘हाडाचा कितीही मोठा तुकडा गेला तरी आता थ्रीडी प्रिंटरवर नवं हाड छापून बसवतात, महिनाभरात रुग्ण चालतो,’ असा मजकूर फिरतोय. यात खरं थोडंच आहे.

प्रिंटरमधून निघतो तो टायटॅनियमचा किंवा सिरॅमिकचा सांगाडा. जिवंत हाड नव्हे. निवडक रुग्णांत तो वापरतात, पण त्यात हाड भरायला रक्तपुरवठा लागतोच. जंतुसंसर्ग असेल तर आधी तो आटोक्यात आणावा लागतो.

जुन्या पद्धती मोडीत निघालेल्या नाहीत. इलिझारोव्ह पद्धतीत हातापायाभोवती बाहेरून धातूच्या रिंग बसवतात आणि हाड कापून त्याचा तुकडा रोज साधारण १ मिलिमीटर सरकवतात, तेही चार टप्प्यांत. मागे पडणाऱ्या फटीत शरीर स्वतःच हाड विणतं. म्हणजे ६ सेंटीमीटरची पोकळी भरायला नुसतं सरकवण्यातच दोन महिने जातात, आणि ते हाड घट्ट व्हायला त्याहून जास्त. (रिंग लावून इतके महिने काढणं सोपं नाही, हेही कुणी लिहीत नाही.) मास्केले पद्धतीत आधी पोकळीत हाडांसाठीच्या खास सिमेंटचा ठोकळा ठेवतात, सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती पडदा तयार होतो, मग ठोकळा काढून आत रुग्णाच्याच हाडाचा चुरा भरतात. कधी पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट उचलून बसवतात.

मूळपेशींपासून (स्टेम सेल) हाड तयार करण्याचं बरंचसं काम अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे.