शेण फेकणारे कुणाचे कोण?

अन्याय सिनेमाच्या गोष्टीतून दाखवावा की माहितीपटातून, या आमच्या कट्ट्यावरच्या वादाला तोंड फोडलं दिन्याने. "अन्याय दाखवायचा असेल तर गोष्ट सांगा," तो म्हणाला. "माझी आई जोतिबा-सावित्रीबाईंवरचा 'फुले' सिनेमा बघताना हुंदके देऊन रडली. डॉक्युमेंटरी लावली असती तर दहाव्या मिनिटाला उठून कुकर लावायला गेली असती."

सुनीता लगेच उसळली. "रडली ते चांगलंच झालं रे. पण कुणासाठी? सावित्रीबाई जादा लुगडं घेऊन शाळेला निघतात, वाटेत अंगावर शेण येतं, शाळेत पोचल्यावर लुगडं बदलून शिकवायला उभ्या राहतात. हे बघून कुणालाही रडू येईल. पण शेण फेकणारे कोण होते? पुण्यातलीच माणसं ना? त्यांना नातवंडं-पतवंडं झालीच असतील. थिएटरात मात्र झाडून सगळे सावित्रीबाईंच्या बाजूचे!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ऐतिहासिक सिनेमात आपल्याला आपली बाजू आयती मिळते. दीडशे वर्षांनी निकाल लागलेला असतो, कोण चूक कोण बरोबर ते ठरलेलं असतं, आणि आपण तिकीट काढून बरोबर असलेल्यांच्या शेजारी जाऊन बसतो.

नानांना हे पटलं नाही. ते आमच्यात वयाने मोठे. "निकाल कुठे लागलाय?" ते म्हणाले. "अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला १९५४ साली. राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं त्याला. आणि २०२५ मध्ये त्याच जोतिबांवरचा सिनेमा जयंतीला, ११ एप्रिलला, लागायचा होता तो लागू दिला नाही. ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, २५ तारखेवर गेला. सेन्सॉरने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला लावले. 'तीन हजार साल पुरानी गुलामी'चं 'कई साल पुरानी' केलं. जुनी गोष्ट आहे, आता कुणाला काय त्याचं, असं असतं तर शब्द कशाला खुपले असते?"

नानांचं म्हणणं खरं आहे आणि मला ते सुनीताच्या म्हणण्याच्या विरोधात वाटत नाही. जात ज्याने आयुष्यभर नावानिशी मांडली, त्याच्यावरच्या सिनेमातून जातींची नावं गेली, तर उरतं काय? एक सज्जन माणूस आणि काही वाईट माणसं. प्रेक्षकाला आणखी सोपं.

मग मी 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाचा विषय काढला. आमच्यापैकी दोघांनीच तो पाहिला होता, आणि मुलुंडच्या कट्ट्यावर बसून ही गोष्ट मला लागली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली सापडली. लोक हायवेवर उतरले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, असं सांगण्यात आलं. चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगाने गोळीबाराची गरज नव्हती असं म्हटलं. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली २००९ साली, आणि पुढे हायकोर्टातून जामीनही मिळाला. शाहीर विलास घोगरे इथे मुलुंडलाच राहायचे. रमाबाई नगरात जाऊन आल्यावर काही दिवसांतच त्यांनी गळफास घेतला. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी त्यांचं गाणं १९८५ च्या मुंबईच्या झोपडपट्टीवरच्या माहितीपटात घेतलं होतं. घोगरे गेल्यावर त्यांनी कॅमेरा उचलला आणि चौदा वर्षांनी, २०११ मध्ये, हा माहितीपट पुरा केला.

त्यातली शाहिरी गाणी अंगावर येतात, वस्तीतल्या बायका बोलतात ते ऐकून जीव तुटतो. पण मला सगळ्यात जड गेला तो ६ डिसेंबरचा भाग. शिवाजी पार्कच्या बाजूला चांगल्या घरातल्या लोकांना चैत्यभूमीच्या गर्दीबद्दल विचारलंय, आणि ते घाणीबद्दल बोलतात. शांतपणे, सभ्य मराठीत. ही भाषा मी लग्नाच्या पंगतीत ऐकली आहे, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऐकली आहे, नात्यातल्या माणसांकडून ऐकली आहे. तिथे सावित्रीबाईंच्या शेजारची जागा रिकामी नसते. आपल्याला कॅमेऱ्यासमोरच्या त्या माणसाशेजारी उभं राहावं लागतं.

"बरोबर, पण बघितला किती जणांनी?" दिन्या हटेना. "तमिळ सिनेमा 'जय भीम' घे. १९९३ ची केस. कोठडीत माणूस मारला, बायको हायकोर्टापर्यंत गेली, चंद्रू वकिलांनी लढवली. २०२१ पर्यंत तमिळनाडूबाहेर कुणाला माहीत होतं? सूर्यासारखा नट वकील म्हणून उभा राहिला म्हणून घराघरात पोचलं. त्या बाईची हलाखी पेपरात आली तीसुद्धा सिनेमानंतर."

हा मुद्दा बिनतोड होता. सुनीतानेही मान्य केलं. पण ती एका जागी अडली. सिनेमात ते कुटुंब इरुळर या आदिवासी जमातीचं दाखवलंय. खरं कुटुंब कुरवर समाजाचं. "तो समाज इंग्रजांच्या गुन्हेगार जमात कायद्यात टाकलेला," ती म्हणाली. "चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच वस्तीवर जाणार. आपल्याकडे पारध्यांचं तेच. १९५२ ला कायदा गेला, पोलीस ठाण्यातली नजर गेली नाही. माणूस मेला त्याचं कारणच ते. इरुळरांवरही अन्याय होतो, पण एकाचं मरण दुसऱ्याच्या नावावर लावायचं?"

"गोष्टीत थोडं इकडचं तिकडे होतंच," दिन्या म्हणाला.

"नायकाचं नाव खरं ठेवलं ना? मग मेलेल्याची जात का बदलायची?"

यावर दिन्या गप्प झाला. मला स्वतःला वाटतं, कादंबरीकाराने, दिग्दर्शकाने प्रसंग रचावेत, संवाद रचावेत, हवी तर पात्रं जोडावीत. पण कुणी सोसलं आणि कुणी सोसायला लावलं, या दोन गोष्टींना हात लावू नये. त्या बदलल्या की प्रेक्षकाची सुटका होते.

नानांनी विषय कामावर आणला. येत्या ११ जुलैला सोसायटीच्या हॉलमध्ये 'जय भीम कॉम्रेड' दाखवायचा. दिन्या म्हणतो, तीन तास कुणी बसणार नाही, आधी 'फुले' दाखवा, मग पुढच्या रविवारी हा. सुनीताचं म्हणणं, हाच आधी, आणि मध्ये चहाची सुट्टी. कमिटीकडे हॉल मागायचं पत्र मी लिहायचं ठरलंय. त्यात सिनेमाचं नाव स्पष्ट लिहायचं की नुसतं 'माहितीपट' म्हणायचं, यावर पुन्हा जुंपली. मी नाव लिहिणार आहे.