‘दिवा लाव’ आणि आमच्या सोसायटीचा फॉरवर्ड

आमच्या परळच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘फोन 24 तास तुमचं बोलणं टेप करून कंपनीला पाठवतो, त्याला सगळं समजतं, म्हणूनच बोललेल्या वस्तूची जाहिरात येते.’ दुसऱ्या मजल्यावरचे काका तर रात्री फोन पिठाच्या डब्यात ठेवायला लागलेत. काका, एकेक मुद्दा घेऊ.

‘24 तास पाठवतो.’ असिस्टंट (बोलून सांगितलेली कामं करणारा फोनमधला मदतनीस) चालू असेल तर माइक जागा असतो, हे खरं. पण फोनमधला एक छोटा प्रोग्रॅम ‘ओके गूगल’सारखी हाक आली का, एवढंच बघतो आणि बाकीचं पुसत राहतो. हिशेब करा ना! आवाज साठवायचा तर सेकंदाला त्याचे 16 हजार नमुने, प्रत्येकी 2 बाइट, म्हणजे दिवसाला पावणेतीन जीबी. दाबून सेकंदाला 16 किलोबिटवर आणलं तरी 170 एमबी. दीड जीबीच्या रोजच्या पॅकमधून एवढं गेलं तर कळणार नाही?

‘सगळं समजतं.’ इथे मला हसू आलं. आधी आवाजाचे शब्द होतात, मग त्यातून काम कोणतं आणि तपशील काय, ते शोधलं जातं. ‘उद्या साडेपाचला उठव’मध्ये काम गजराचं, तपशील वेळेचा. आता आपलं ‘लाव’ घ्या. गजर लाव, गाणं लाव, आईला फोन लाव, दिवा लाव. क्रियापद एक, कामं चार; शेजारच्या शब्दावरून ठरवायचं. त्यात ‘दिवा’ म्हणजे बल्ब की मध्य रेल्वेचं स्टेशन? ‘दिव्याला पुढची लोकल कधी’ असं विचारलं तर ‘लोकल’ शब्दावरून अंदाज बांधायचा. वर पंखा फुल आणि कुकरच्या शिट्ट्या! परवा ‘आत्याला फोन लाव’ म्हटलं तर माझ्या फोनने आट्याचे भाव दाखवले.

जाहिरातीचं म्हणाल, तर 2018 साली अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 17 हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. (स्क्रीनचं चित्रण बाहेर पाठवणारी मात्र सापडली.) जाहिरातवाल्यांना तुमचे सर्च आणि लोकेशन पुरतं.

खरी भानगड फॉरवर्डमध्ये नाहीच. हाकेसारखं काहीतरी ऐकून असिस्टंट चुकून जागा होतो आणि घरातलं बोलणं रेकॉर्ड होतं. अशी काही रेकॉर्डिंग तपासणीच्या नावाखाली माणसं ऐकत होती, हे 2019 मध्ये उघड झालं. सिरी या आपल्या असिस्टंटवरच्या खटल्यात ॲपलने आरोप न मानता 9.5 कोटी डॉलरची तडजोड केली.

सेटिंग्जमध्ये जाऊन साठलेला आवाज पुसता येतो, हाक ऐकणंही बंद करता येतं. काका, रविवारी फोन घेऊन या, दोन मिनिटांचं काम आहे. डबा काकूंना परत द्या.