कमी केली म्हणजे सोडली नव्हे

आज नात्यातल्या एका घरी बारसे होते. पाळणा हलत असलेल्या त्याच खोलीत एका गृहस्थांनी खिशातून व्हेप (निकोटिनचा द्रव तापवून त्याची वाफ ओढायची बॅटरीवरची ई-सिगारेट) काढला, दोन झुरके घेतले आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, ‘‘अहो ताई, नुसती वाफ आहे ही. सिगारेट मी आता दिवसाला चारवर आणली आहे.’’ आजूबाजूच्या दोघातिघांनी त्यांचे चक्क कौतुक केले. बारशाच्या घरात वाद घालायचा नसतो म्हणून मी गप्प राहिले, पण त्या कौतुकाचा संताप अजून उतरलेला नाही.

हे वाक्य मी माझ्या दादाच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकले आहे. दादा कॉलेजपासून सिगारेट ओढतो. पूर्वी त्याच्या ओढण्याला जागा आणि वेळा ठरलेल्या होत्या. सकाळचा चहा, ऑफिसखालची टपरी आणि रात्री जेवणानंतर गच्ची. घरात वहिनी ओढू देत नसत आणि २००८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम आल्यावर ऑफिसातही ते शक्य राहिले नाही. त्यामुळे दिवसातले कितीतरी तास त्याला सिगारेटशिवाय काढावे लागत आणि तो ते काढतही असे. मग व्हेप आला आणि नेमके तेच तास त्याने भरून टाकले. आता तो गाडीत ओढतो, ऑफिसच्या स्वच्छतागृहात ओढतो, अंथरुणात पडल्यापडल्याही ओढतो. सिगारेटी कमी झाल्या, हे खरे आहे. पण गेल्या त्या केवळ कंटाळा आला म्हणून ओढल्या जाणाऱ्या. चहाबरोबरची, टपरीवरची आणि जेवणानंतरची या तिन्ही जागच्या जागी आहेत. ज्या सोडणे खरोखर कठीण होते, त्यांतल्या एकीलाही धक्का लागलेला नाही.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. झुरक्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, साधारण दोन तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते आणि तलफ पुन्हा डोके वर काढते. सिगारेट निदान संपते, ती विझवावी लागते, दुसरी पेटवण्यासाठी उठून बाहेर जावे लागते. व्हेपला तसा शेवट नाही. मेंदूला दिवसभर निकोटिन मिळत राहते आणि सकाळी चहाचा कप हातात आला की त्याला सिगारेटच आठवते.

आणि ते ‘चारवर आणली’चे समाधान! फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटी कमी केल्यावर काहीसा कमी होतो, हे मी मान्य करते. पण हृदयाचा हिशोब असा सरळ नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले होते. वीसच्या चार झाल्या म्हणजे धोकाही पाचपट उतरला, असे समजून पाठ थोपटणाऱ्यांना हे कोण सांगणार? उलट उरलेल्या चार माणूस अधिक खोल झुरके घेऊन ओढतो. दादाला टपरीवर मी तसे ओढताना पाहिले आहे.

इंग्लंडमध्ये सिगारेट सोडवण्यासाठी सरकारी आरोग्यसेवा व्हेपचा आधार घेते आणि त्यामुळे कित्येकांची सिगारेट पूर्ण सुटली आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिथे सिगारेट पूर्ण बंद करा, असे स्पष्ट सांगितले जाते, सल्ल्याला माणसे असतात आणि द्रवातल्या निकोटिनला एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या उत्पादनावर, आयातीवर आणि विक्रीवर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तरीही वस्तू चोरून मिळतेच. चोरून आलेल्या त्या नळकांडीत काय भरले आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते, आणि आपली शिकलीसवरलेली माणसे ते तान्ह्या बाळाच्या खोलीत सोडतात!

दादावर मात्र मला रागावून राहता येत नाही. त्याने व्हेप घेतला तो सिगारेट सोडण्याच्या इच्छेनेच, आणि ती इच्छा खोटी नव्हती. खोकल्याने रात्री उठून बसणारा माणूस मी पाहिला आहे; त्याला व्यसनाची हौस आहे, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. त्या इच्छेच्या बळावर त्याने काहीतरी सोडायला हवे होते, त्याऐवजी त्याच्या हातात आणखी एक वस्तू आली. घरातल्या आम्हा सर्वांना वाटले की काम झाले, आणि त्यानंतर त्याला कोणी विचारेनासे झाले.

दादा ही पोस्ट वाचणार आहे, त्यामुळे त्याला इथेच सांगते. दादा, आकडा मोजू नकोस. आधी सिगारेट पूर्ण बंद करायची तारीख ठरव, कारण जाळलेल्या तंबाखूचा धूर, त्यातले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हेच तुझे सर्वांत मोठे शत्रू आहेत. तलफेसाठी औषधाच्या दुकानात निकोटिनची च्युइंगगम मिळते, ती डॉक्टरांना विचारून घे. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. सुरुवात सकाळच्या चहाबरोबरच्या सिगारेटपासून कर. व्हेप कसा सोडायचा, ते त्यानंतर आपण मिळून ठरवू.