चेनची एक कडी काढून सायकल नवी होत नसते, नाना!

‘जुनी सायकल करा नवीकोरी, मेकॅनिक कधीच सांगणार नाही असे पाच उपाय’ हा मेसेज तुम्हालाही आला असेलच. अमळनेर, पारोळा, चोपडा, जिथं जिथं आमचे नातेवाईक आहेत तिथून तो मला येऊन गेला. त्यात म्हणे, चेन ढिली झाली तर एक कडी काढा, नवी घ्यायची गरजच नाही. नाहीतर मोटरसायकलची चेन बसवा, जन्मभर बघायला नको. गिअरवाली पातळ चेन कुठल्याही सायकलला चालते. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र, लहान टाका, तेवढ्याच ताकदीत स्पीड वाढतो. आणि रॉकेलमध्ये बुडवून जळलेलं इंजिन ऑइल लावा. मी सोडूनच दिलं असतं, पण आमच्या नानांनी ते वाचून खरंच कडी काढून घेतली, आणि ओव्हरब्रिजच्या चढावर उभं राहून पायडल मारलं तशी चेन दात्यांवरून सटकली, गुडघा थेट हँडलवर. वर मलाच ऐकवतात, "मोबाईलवर उनं शे, खोटं कसं व्हई?"

तर आधी कडीचंच बघू.

चेन ‘वाढते’ म्हणजे लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि ती जिथं फिरते ती जागा घासते, आणि असं केसभर घासणं शंभरेक ठिकाणी झालं की सगळी चेन लांब होते. म्हणजे नव्या चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असतं ते आता सरासरी अर्ध्या इंचापेक्षा जास्त झालंय, आणि हे प्रत्येक कडीत झालंय. तुम्ही एक कडी काढली तर लांबी कमी झाली, चेन टाइट दिसली, पण उरलेल्या सगळ्या कड्या तेवढ्याच घासलेल्या आहेत ना? त्या दात्याच्या मुळाशी न बसता वर चढून बसतात, दाते एका बाजूनं झिजत जातात, हुकासारखे वाकडे होतात, आणि मग जोर लावला की चेन टक्कन सटकते. जोर आपण कधी लावतो? चढावर, नाहीतर मागं दुधाची कॅन असताना. म्हणजे पडायचं तेव्हाच पडणार.

आता हिशोबच करा. साध्या काळ्या सायकलची चेन साधारण 50-55 इंचाची. एक पूर्ण कडी म्हणजे आतली-बाहेरची जोडी, एक इंच. घासून घासून ती कडी काढण्याइतकी चेन वाढली असेल तर ती जवळजवळ दोन टक्के वाढली. आणि शेल्डन ब्राऊन म्हणून अमेरिकेतला एक सायकल मेकॅनिक होता, 2008 मध्ये वारला, त्याचं लिखाण जगभरचे सायकलवाले आजही प्रमाण मानतात, त्याचा नियम असा: बारा इंचाची स्टीलची पट्टी घ्या, चेन ताणलेली ठेवून शून्य एका पिनच्या मधोमध धरा. नवी चेन असेल तर तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर बारावर येते. ती एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास पुढे गेली तर चेन बदला, दाते बहुतेक वाचलेले असतात. एक अष्टमांश, म्हणजे तीन मिलिमीटर गेली, तर दातेही गेले समजा. हे जेमतेम एक टक्का झालं. मेसेजवाला तुम्हाला याच्या दुप्पट घासलेली चेन ‘नवी’ म्हणून वापरायला सांगतोय!

आणि गिअरच्या सायकलीला कडी काढली तर अजून मजा. पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र चुकून एकत्र पडलं की चेन पुरत नाही, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, ओढला जातो, वाकतो, चाकाच्या तारांत गेला तर चाकही गेलं. पोराला सायकल देताय ना, मग हे आधी बघा.

हां, एक मान्य. नवी चेन बसवताना ती लांब असेल तर कड्या काढाव्याच लागतात, आणि साध्या सायकलची चेन थोडी ढिली झाली तर मागचं चाक खाचेत मागं सरकवून टाइट करतात, ते बरोबरच आहे. पण तो उपाय मेसेजमध्ये नाहीच.

मोटरसायकलची चेन. हे लिहिणाऱ्याला अर्धं माहितीय, तेच वाईट. स्प्लेंडरसारख्या गाड्यांना येणाऱ्या 428 नंबरच्या चेनचं पिच, म्हणजे पिन ते पिन अंतर, खरंच अर्धा इंचच असतं. पण तिच्या आतल्या पट्ट्यांमधली जागा जवळजवळ आठ मिलिमीटर, साध्या सायकलच्या चेनची तीनच्या थोडी वर. पिनवर फिरणारा रोलरही जाड, साडेआठ मिलिमीटरचा, सायकलचा पावणेआठच्या आसपास. तो दात्याच्या खाचेत नीट बसणारच नाही, आणि चेन आडवी डुलत राहील. बैलगाडीला ट्रॅक्टरचं चाक लावायचा प्रकार आहे हा.

पातळ चेनचं थोडक्यात सांगतो. काळ्या सायकलला अर्धा बाय एक अष्टमांश इंचाची चेन (पिच बाय आतली रुंदी), मागं सहा-सात चकत्या असल्या तर पाकिटावर 6/7/8 स्पीड लिहिलेली. पातळ चेन काळ्या सायकलच्या जाड दात्यावर चढतच नाही, आणि जुन्या सहा-गिअरला नऊ स्पीडची महाग चेन घेऊन फायदा काय, दुकानदाराचा.

फ्रीव्हील लहान टाकून तेवढ्याच ताकदीत स्पीड? पुढे 44 दाते, मागे 18 असताना एका पायडलला चाक साधारण अडीच फेरे फिरतं, 14 टाकले तर तीनच्या वर. फेरे वाढले तसा जोरही सव्वापटीपेक्षा जास्त लागणार, फुकट काही नाही. नानांचे गुडघे बघता मी तर उलट 20 चं टाका म्हणेन.

रॉकेलनं चेन साफ होते हे खरं, आता रॉकेल मिळतं कुठं तो भाग वेगळा, डिझेलही चालतं. पण जळलेल्या ऑइलमध्ये इंजिनचा कार्बन आणि लोखंडाचा भुगा असतो, त्यावर आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ बसली की पॉलिश पेपरच तयार. चेन पूर्ण वाळवा, साधं मशीन ऑइल एकेका रोलरवर थेंब थेंब सोडा आणि बाहेरून फडक्यानं पुसून घ्या.

मेसेजच्या खाली अजून एक टीप आहे, ॲटलास बंद पडली, पार्ट मिळत नाहीत, सायकल भंगारात द्या. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून 2020 मध्ये बंद झाला हे खरं. पण चेन आणि फ्रीव्हील कंपनीच्या नावावर चालत नाहीत, मापावर चालतात. आपल्याकडच्या काळ्या सायकलींचं चेनचं माप एकच, फ्रीव्हीलचे आटेही सहसा एकच, दुसऱ्या कंपनीचं बसतं. फक्त जुनं फ्रीव्हील काढून सोबत न्या, दाते मोजून घ्या, आणि दाते खाल्लेले असतील तर चेन आणि फ्रीव्हील जोडीनंच बदला, नाहीतर नवी चेनसुद्धा पहिल्याच चढावर सटकेल. पुढच्या चक्राला दाते जास्त म्हणून ते उशिरा घासतं, ते बघून मगच ठरवा.